काटा न हलवणारे शब्द

माझे भाऊजी तराजू दुरुस्त करायचे. बाजारात त्यांना सगळे काटेवाले म्हणत. घराची पुढची खोली म्हणजेच दुकान. भिंतीवर दांड्या टांगलेल्या, कोपऱ्यात पारड्यांची चळत, साखळ्यांचा गुंता आणि खिडकीखाली एक बसकं टेबल. त्या टेबलावर ते लोखंडी वजनं उलटी करून मांडायचे. प्रत्येक वजनाच्या बुडाला एक भोक असतं आणि त्यात शिसं भरलेलं असतं, हे मला त्यांच्याकडेच कळलं. वजन झिजून हलकं झालं की थोडं शिसं भरायचं, जड भरलं की थोडं कोरून काढायचं. आयुष्यभर त्यांनी हेच केलं.

ताईचं लग्न ठरायच्या आधी मी त्यांना बघायला म्हणून मुद्दाम गेले, तेव्हा ते एका किराणा दुकानदाराला बाहेर काढत होते. त्याला किलोचं वजन बुडातून जरासं कोरून हवं होतं. “जरासंच हो, कुणाला कळतंय?” असं तो म्हणत होता. भाऊजी आवाज न चढवता म्हणाले, “मला कळेल ना.” वजन त्याच्या हातात ठेवलं आणि त्याला वाट दाखवली. मग माझ्याकडे वळले. “तुमचं काय?”

“मी मुलीची बहीण. माणूस पारखून घ्यायला आलेय.”

“घ्या. पण दारात उभ्या राहू नका. वारा येतो, काटा हलतो.”

माणूस मला तिथेच पसंत पडला, पण तोंडावर कबूल करीन तर ती मी कसली! पुढे चौतीस-पस्तीस वर्षं आम्ही एकमेकांना टोमणे मारण्यात घालवली. ते मला मेहुणीबाई म्हणायचे. मी टेलिफोन एक्सचेंजमध्ये कामाला होते, दिवसभर कानाला यंत्र लावून लोकांच्या जोडण्या द्यायच्या. संध्याकाळी त्यांच्याकडे गेले की माझ्या तोंडात तीळ भिजायचा नाही. मग ते टेबलावरून मान वर न करता म्हणायचे, “मेहुणीबाई, तुमची जीभ एकदा तोलून बघायची आहे. माझ्याकडे तेवढं मोठं वजन नाही, हीच अडचण.”

माझी एक बढाई होती, ती इथे सांगून टाकते, कारण पुढे तिचीच माती झाली. पलीकडचा माणूस “हॅलो” म्हणाला की बातमी चांगली आहे की वाईट, हे मला कळायचं. शब्द ऐकायची गरजच नाही. माझ्याबरोबरच्या मुली पैजा लावायच्या आणि मी जिंकायची.

लग्नानंतर तिसऱ्या वर्षी ताईला मुलगी झाली. अकरा दिवस जगली. जन्मतःच अशक्त होती, म्हणून डॉक्टरांनी रोज वजन करायला सांगितलं होतं. वजन करायला त्या घरात काय तोटा! भाऊजींनी सगळ्यात चांगला तराजू काढला, पारड्यात मऊ कापडाची घडी घातली, कापडाचं वजन आधी वजा करून घेतलं आणि लेकीला त्यात ठेवलं. पहिल्या दिवशी दोन किलो शंभर. दुसऱ्या दिवशी त्यांनी आतल्या खोलीत झोपलेल्या ताईला ऐकू जावं म्हणून मोठ्याने सांगितलं, “वीस ग्रॅम घटलं.” तिसऱ्या दिवशी, “तीस घटलं.” चौथ्या दिवशी, “अजून घटलं.” खोटं सांगणं त्यांना जमतच नव्हतं. दहा दिवस ते रोज सकाळी हे सांगत राहिले आणि अकराव्या दिवशी सांगायला काही उरलं नाही.

भेटायला माणसं येऊ लागली. “अजून वय आहे तुमचं,” “काळ हेच औषध,” “तिची सुटका झाली म्हणा.” भाऊजी हात जोडायचे आणि उठून पुढच्या खोलीत जाऊन बसायचे. मला वाटलं, मनाला लावून घेतलंय, होतील हळूहळू सरळ. दोन महिन्यांनी ताईने मला बाजूला घेऊन सांगितलं, “अगं, ते काहीतरी वेगळंच बोलायला लागलेत. म्हणतात, मी रोज घटलं, घटलं म्हणत गेलो आणि ती ऐकत गेली. म्हणतात, जिच्यात घटलं म्हणताच येणार नाही अशी भाषा हवी.”

मी म्हटलं, “ताई, त्यांना डॉक्टरकडे ने.”

“मला वेड वाटत नाही गं ते,” ताई म्हणाली. “मला ते बरं वाटतंय.”

भाषा करायची म्हणजे काय, हे मी पुढे डोळ्यांनी पाहिलं. दुकानात काचेच्या पेटीतला एक बारीक काटा होता. औषधांच्या पुड्या तोलणाऱ्या कुणीतरी दुरुस्तीला दिलेला आणि परत न नेलेला. इतका नाजूक की डोक्यावरचा केस टाकला तरी पारडं खाली जायचं. भाऊजी पेटीचं दार उघडायचे, काट्यासमोर वीतभर अंतरावर तोंड न्यायचे आणि एखादा आवाज करून बघायचे. काटा थरथरला की तो आवाज बाद. प, फ, ख, ट, थ, सगळे पहिल्या आठवड्यातच बाद झाले. श आणि स यांनी तर पारडी नाचायची. उरले म, न, ल आणि त्यांच्यामधून जाणारे लांबट स्वर. ज्या शब्दाने काटा हलला नाही तोच शब्द ठेवायचा. कधी एका शब्दाला महिना लागायचा. नेलू म्हणजे पाणी. लुमे म्हणजे श्वास. अनोल म्हणजे या, बसा, सुरू करू. आणि शेवटचा नोलिमे. नोलिमे म्हणजे दोन्ही पारडी सारखी झाली, सगळं जागच्या जागी आहे.

रोज सकाळी सात वाजता, दुकान उघडायच्या आधी, दोघं त्या काट्यासमोर बसायची. एका पारड्यात मिठाची चिमूट. दुसऱ्यात ड्रॉपरने पाण्याचे थेंब, एकेक करून, काटा मधोमध उभा राहीपर्यंत. मग दोघांनी मिळून शब्द म्हणायचे, गुणगुणल्यासारखे. लुमे म्हणताना पोटावर तळवा ठेवायचा, श्वास पोटातून येतो म्हणून. नोलिमे म्हटलं की संपलं. सात मिनिटं लागायची. त्यानंतर भाऊजी शर्टाच्या बाह्या दुमडायचे, दार उघडायचे आणि दिवसभर नेहमीसारखे चोख, नाकासमोर चालणारे काटेवाले असायचे. गिऱ्हाइकांना या भानगडीची गंधवार्ता नव्हती.

नियम तीन. शब्द लिहायचे नाहीत. शब्द त्या सात मिनिटांच्या बाहेर काढायचे नाहीत. आणि वाईट गोष्टीला शब्द करायचा नाही. दुखणं, आजार, जाणं, कमी होणं, नको, यातल्या कशालाच नाही. “काटा काय तोलतो?” ते मला समजावायचे. “पारड्यात पडेल ते. ज्याला शब्दच नाही, ते पारड्यात पडणार कसं?”

मी विचारलं, “तुमच्या या भाषेत शिव्या आहेत का?”

“नाहीत. म्हणून तर तुम्हाला शिकवत नाही.”

मी हसले. पण खरं सांगायचं तर मला त्यांचा रागही यायचा, आणि त्याला कारण होतं. चौथ्या की पाचव्या वर्षी ताईने त्यांच्याकडे एक शब्द मागितला. लेकीसाठी. भांडून नाही, मागितला. म्हणाली, “आपल्याला एवढे शब्द झाले, तिला एक करू या ना.” मी तिथेच होते, चहा गाळत होते. भाऊजींनी हातातली पट्टी खाली ठेवली आणि म्हणाले, “तिला शब्द दिला की ती रोज सकाळी पारड्यात येईल. मला परत तिचं वजन करायचं नाही.” आठ दिवस ताई त्यांच्याशी बोललीच नाही, पण सकाळी सातला मात्र रोज जाऊन बसायची.

मी तिला म्हटलं, “कशाला बसतेस? त्यांचं ते दुःख आणि तुझं काय, भंगार?”

“अगं, एरवी ते तिच्याबद्दल अवाक्षर काढत नाहीत,” ताई म्हणाली. “ती सात मिनिटं तरी माझ्या शेजारी बसून तिच्याच विचारात असतात. तेवढं तरी मला राहू दे.”

मी मूग गिळून गप्प बसले. माझ्या आयुष्यात हे दोन-चार वेळाच घडलं असेल.

वर्षं गेली. मूल पुन्हा झालं नाही. बटणं दाबायचे काटे आले, आकडे आपोआप उमटायला लागले, आणि भाऊजींच्या दुकानात जुने हट्टी लोक तेवढे उरले. मी निवृत्त झाले आणि त्यांच्याकडेच मागच्या खोलीत राहायला गेले. सकाळी सात वाजता भिंतीपलीकडून ते गुणगुणणं ऐकू यायचं. इतक्या वर्षांत एकोणसाठ शब्द झाले होते आणि मला न शिकवताही ते पाठ झाले होते. कान माझे, करणार काय? मी अंथरुणात पडून मनातल्या मनात त्यांच्याबरोबर म्हणायची आणि हे कुणाला कळू द्यायची नाही.

एका सकाळी शिसं वितळवताना भाऊजी टेबलावर कोसळले. अर्धांगवायू. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. नऊ दिवस तोंडातून आवाज नाही. ताईचा जीव टांगणीला लागलेला, मी तिला बळेबळे दोन घास भरवायची. दहाव्या दिवशी सकाळी सिस्टर उशा नीट करत असताना ते स्पष्ट म्हणाले, “अनोल.”

ताईच्या हातातला पेला खाली पडला. त्यांनी डावा हात पोटावर ठेवला आणि पुढचे सगळे शब्द म्हटले. न अडखळता, नोलिमेपर्यंत.

तिथले डॉक्टर तरुण होते, समजावून सांगणारे होते. म्हणाले, “बोलण्याचा भाग निकामी झालाय. पण वर्षानुवर्षं पाठ म्हटलेलं कधीकधी दुसरीकडे जपलेलं असतं. माझ्याकडे एक आजोबा होते, त्यांना फक्त पाढे येत होते. यांना हे येतंय. कुठली भाषा आहे ही?”

“यांच्या घरची,” मी म्हटलं.

त्यांनी कागदावर लिहिलं, अर्थहीन उच्चार. मी तिथल्या तिथे भांडले. अर्थ आहे, म्हटलं, एकेका शब्दाला एकेक महिन्याचा अर्थ आहे. ते बिचारे हसले आणि “अर्थहीन”वर काट मारली. मग गंभीर होऊन म्हणाले, “एक लक्षात ठेवा. समजण्यावरही परिणाम झालाय. हो-नाही विचारून मान हलवायला सांगाल, तर त्यावर भरवसा ठेवू नका. होला नाही होतं आणि नाहीला हो. चेहरा बघा, अंग बघा.”

चेहरा बघा, अंग बघा. इतक्या साध्या शब्दांत सांगितलं होतं हो त्या माणसाने.

आम्ही त्यांना घरी आणलं आणि पुढच्या खोलीत, त्या काट्याशेजारीच खाट टाकली. ताईने दुसरा नियम मोडला. ते नेलू म्हणाले की ती पाणी द्यायची आणि ते प्यायचे. सकाळी खिडकी उघडली की ते उजेडाचा शब्द म्हणायचे. हाताचा शब्द म्हणाले की ती त्यांचा हात धरायची. कधी नेलू म्हणून पाण्याचा पेला ढकलून द्यायचे, पण तिकडे आम्ही कानाडोळा केला. ताईला केवढा आनंद झाला होता! म्हणायची, “बघ, सगळ्यांनी वेड्यात काढलं असतं, पण आज ही भाषा नसती तर माझ्याशी बोललं कोण असतं?” मलाही भरून यायचं. इतकी वर्षं मी ज्याची टिंगल केली, तेच या घराला तारतंय असं मला वाटत होतं. सात आठवडे असे गेले, आणि खोटं कशाला बोलू, ते सुखाचे गेले.

मग तो सोमवार. सकाळचं बसणं आटोपलं होतं. दहाच्या सुमारास ते पुन्हा म्हणाले, “अनोल.” ताई हात पुसत आली. “पुन्हा बसायचंय?” तिने मीठ घेतलं, थेंब टाकले, ती दोघं बसली. त्यांनी पोटावर हात दाबून धरला आणि लुमे, लुमे म्हणत राहिले. बारा वाजता पुन्हा अनोल. तीनला पुन्हा. ताई म्हणाली, “आज त्यांना हुरूप आलाय.” दूध-पाव तसाच राहिला. मी म्हटलं, “रुसलेत. पाव शिळा आहे ना.” कपाळावर घाम होता. मी खिडकी उघडली आणि पंखा वाढवला.

मंगळवारी सात वेळा बसले. सात वेळा! ताईने केस विंचरले होते, चांगली साडी नेसली होती. तिच्या तोंडावर मी कित्येक वर्षांत न पाहिलेला तजेला होता. ती म्हणाली, “इतकं तर ते पूर्वीही बसायचे नाहीत. परत येतायत गं ते.” आमच्या मावसभावाचा फोन आला तेव्हा मी त्याला सांगितलं, झपाट्याने सुधारणा आहे, दिवसभर बोलत असतात. हे मी सांगितलं. हॅलोवरून बातमी ओळखणारी मी, दाराच्या चौकटीत उभी राहून, माझ्या पाठीमागून तो आवाज येत असताना. आवाज कसा होता? आज मला तो चांगला आठवतो. घट्ट होता, दातांवर दात ठेवून काढलेला. पण शब्द कसे गोड होते! श्वास, उजेड, हात, सगळं जागच्या जागी. मी शब्द ऐकले. आयुष्यात पहिल्यांदा मी आवाज सोडून शब्द ऐकले.

आणि पोटावरचा हात? तो तर रोजच ठेवायचे.

बुधवारी दुपारी ताईने मीठ ठेवलं, थेंब टाकले, काटा मधोमध आला. मी पाण्याचा तांब्या घेऊन आत येत होते. भाऊजी एकदम ओरडले, “नोलिमे!” ताईने दचकून पारडं सावरायला हात पुढे केला. मी मात्र काट्याकडे बघत राहिले. काटा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत झोकांड्या खात होता. मीठ टेबलावर सांडलं. ज्या शब्दांनी तो हलू नये म्हणून हा माणूस महिनोन्‌महिने तिथे तोंड धरून बसला होता, त्यातल्याच एका शब्दाने तो हलला होता.

मी त्यांचा चेहरा पाहिला. नीट, पहिल्यांदाच. नंतर सदरा वर केला आणि पोटाला नुसतं बोट लावलं. पोट फळीसारखं टणक होतं आणि अंग भाजत होतं.

“ताई,” मी म्हटलं, “यांना दुखतंय.”

“छे, नोलिमे म्हणाले ते,” ताई म्हणाली. “ऐकलं नाहीस का? सगळं ठीक आहे म्हणाले.”

ऑपरेशन झालं. सर्जन बाहेर येऊन टोपी काढत म्हणाले, “पित्ताशय फुटलंय. दोन दिवस तरी झाले असतील. पोटभर पू आहे. एवढं दुखत असताना काहीच बोलले नाहीत?”

“बोलत होते,” ताई म्हणाली.

एवढंच. सर्जनना वाटलं, बाईंना धक्का बसलाय, म्हणून ते माझ्याकडे वळून बोलू लागले. ताई बाकावर बसली आणि तिने स्वतःच्या मांडीवर मूठ मारायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. मोजत होती. सोमवारी चार, मंगळवारी सात, बुधवारी दुपारपर्यंत पाच. “सोळा वेळा मी त्यांना मीठ-पाणी तोलायला बसवलं गं,” ती म्हणाली. “सोळा वेळा ते म्हणाले, मला वाचव, आणि मी नटूनथटून बसले.” चूक तुझी नाही, हे म्हणता आलं असतं. पण मग कुणाची? त्यांची? माझी? अकरा दिवस जगलेल्या त्या जिवाची? मी तिची मूठ धरून ठेवली, दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

विष रक्तात पसरलं होतं. ते पाच दिवस काढून गेले. पाचव्या दिवशी दुपारी गेले तेव्हा शुद्ध नव्हती, म्हणून त्या दिवसाचं सांगण्यासारखं काही नाही. सांगायचंय ते चौथ्या दिवसाचं.

त्या दिवशी सकाळी त्यांनी डोळे उघडले होते. नळ्यांनी नाक भरलेलं, ओठ सुकलेले, आणि हळू आवाजात एकच चाललेलं, नोलिमे, नोलिमे, नोलिमे. बाकीचे अठ्ठावन्न गेले होते, एवढाच उरला होता. सकाळपाळीची सिस्टर कागद घेऊन आली. चांगली मुलगी होती, हात हलका होता. तिने विचारलं, “आजोबा काय म्हणतायत? कालपासून हेच चाललंय. आम्हाला काही कळत नाही.”

मी सांगायला तोंड उघडलं. मला अर्थ माहीत होता, मी डॉक्टरांशी त्या अर्थासाठी भांडले होते. पण ताई माझ्या आधी बोलली.

“दुखतंय म्हणतात,” ती म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं. ती सिस्टरकडे बघत होती, ताठ बसून, पदर नीट घेऊन.

“फार दुखतंय का?”

“फार.”

“शून्य ते दहा धरलं तर किती? इथे लिहावं लागतं.”

“दहा लिहा,” ताई म्हणाली. “आणि उद्याही ते हेच म्हणाले, तर तुम्ही मला विचारत बसू नका. सरळ इंजेक्शन द्या. या शब्दाचा अर्थ तोच आहे.”

सिस्टरने लिहून घेतलं. ज्या भाषेतला एक शब्दही कधी लिहायचा नव्हता, त्यातला तो शब्द तिने आमच्याकडून अक्षर अक्षर विचारून कागदावर उतरवला आणि पुढे लिहिलं, वेदना. मग इंजेक्शन आणायला गेली.

ती गेल्यावर ताई उठली आणि त्यांच्या उशाशी वाकली. मला वाटलं, पाणी पाजतेय. पण ती त्यांच्याशी बोलत होती. साध्या, रोजच्या बोलण्यात, भाजी आणायला सांगावी तशी.

“अहो, ऐका माझं. एवढ्या वर्षांत तुम्ही मला रडायला एक शब्द दिला नाहीत. मी मागितला होता. तुम्ही म्हणालात, परत तिचं वजन करायचं नाही. मी गप्प बसले. तुमच्या शेजारी बसून रोज सगळं ठीक आहे म्हटलं, आणि कधीच काही ठीक नव्हतं. मला दिला नाहीत ते राहू दे, पण स्वतःसाठी तरी एक ठेवायचात. आजारी माणसाला ओरडायला एक शब्द लागतो हो. एवढं कसं तुम्हाला सुचलं नाही? तुम्हाला, प्रत्येक वजनाला बुडात जागा ठेवणाऱ्या माणसाला?”

तिने ओला बोळा त्यांच्या सुकलेल्या ओठांवरून फिरवला.

“घटलं म्हणा. दुखतं म्हणा. काय म्हणायचं ते म्हणा. मी आता ऐकतेय. शब्द कुठलाही असू दे.”

त्यांना किती कळलं, देव जाणे. डॉक्टर म्हणाले होते, भरवसा ठेवू नका, आणि मी ठेवत नाही. पण त्यांनी डोळे तिच्याकडे वळवले, हे मी पाहिलं. डावा हात पांघरुणाबाहेर काढला आणि तिच्या मनगटाशी चाचपडले. तोंड उघडलं आणि जोर लावून, जेवढा श्वास उरला होता तेवढा सगळा घालून म्हणाले, “नोलिमे.”

“हो,” ताई म्हणाली. “मलाही.”